शेखाडीसारखा प्रकार पुन्हा झाला, तर पकडलेल्या संशयिताला लष्करी कोर्टात उभं करता येईल का?

श्रीवर्धन_किनारा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. वाचनालयात पुढच्या महिन्यात वादसभा आहे आणि विषय ठरलाय, ‘दहशतवादाच्या संशयितावरचा खटला लष्करी न्यायालयातच चालला पाहिजे’. 9 जानेवारी 1993 ला दिघीला माल उतरला, मग 3 आणि 7 फेब्रुवारीला शेखाडीला हत्यारं आणि आरडीएक्स, मार्चमधल्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या आधी. त्यामुळे हा विषय आमच्याकडे पेपरात वाचून सोडून देण्यातला नाही. बाजूने बोलणारे म्हणतात, ग्वांतानामोसारखं (क्युबातला अमेरिकेचा लष्करी तुरुंग) करा, पकडला की लष्कराच्या ताब्यात आणि महिन्याभरात निकाल. विरोधातले म्हणतात, घटना तसं करू देत नाही. आवेश दोघांकडे भरपूर आहे, कलमं कुणाकडेच नाहीत.

तीन गोष्टी हव्या आहेत. आपल्या कायद्यात अशा माणसाला कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्कराच्या कोर्टापुढे, नेता येतं का? अमेरिकेत लष्करी आयोगांचं, म्हणजे अशा खटल्यांसाठी खास नेमलेल्या लष्करी कोर्टांचं, प्रत्यक्षात काय झालं? आणि आरोपपत्र नसताना इथं माणूस जास्तीत जास्त किती दिवस आत राहू शकतो?

खाडीकाठचा_वकील

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 2 मध्येच मिळतं. हा कायदा कोणाला लागतो ते त्यात सांगितलंय: अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी), भरती झालेले जवान, आणि मोहिमेवर, छावणीत किंवा सरहद्दीवरच्या चौकीत फौजेच्या कामावर किंवा फौजेसोबत असलेले नागरी लोक. रात्री होडीतून हत्यारं घेऊन उतरलेला माणूस यात कुठेच बसत नाही. जनरल कोर्ट मार्शलला किमान 5 अधिकारी बसतात, सोबत जज ॲडव्होकेट (कायद्याचा सल्ला देणारा लष्करी अधिकारी) लागतो, फाशीला दोन तृतीयांश मतं लागतात, हे सगळं आहे. पण ते फौजेच्या माणसासाठी आहे. त्यालाही मर्यादा आहे: जवानाने नागरी माणसाचा खून केला आणि तो तेव्हा मोहिमेवर, भारताबाहेर किंवा सरकारने ठरवलेल्या सरहद्दीच्या चौकीवर नसेल, तर कलम 70 प्रमाणे तो खटला सेशन्सला जातो.

वादसभेत सांगायला एक उदाहरण घ्या. 22 डिसेंबर 2000 ला दिल्लीच्या लाल किल्ल्यात घुसून राजपुताना रायफल्सच्या माणसांवर गोळीबार झाला. जागा लष्कराच्या ताब्यातली, मेलेले लष्कराचे. तरी खटला दिल्लीच्या सेशन्स कोर्टात चालला, हायकोर्टात गेला आणि 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली.

मग किनाऱ्यावर पकडलेल्याचं काय होतं? किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत हद्द सागरी पोलिसांची. नौदल किंवा तटरक्षक दलाने अडवला तरी माणूस आणि माल जवळच्या पोलिस ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे विनाविलंब द्यावा लागतो, यूएपीएचं, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचं, कलम 43ब तेच सांगतं. ठाणेदार गुन्हा नोंदवून अहवाल राज्य सरकारला पाठवतो, राज्य तो केंद्राला, आणि अहवाल मिळाल्यापासून 15 दिवसांत केंद्र ठरवतं की तपास एनआयएकडे (राष्ट्रीय तपास संस्था) द्यायचा का. तोवर तपास त्या ठाण्यानेच करायचा असतो. ‘एनआयए येणार आहे’ म्हणून पहिल्या आठवड्यात पंचनामे आणि नमुने ढिले पडले, तर ते नंतर कुणालाच भरून काढता येत नाहीत.

सातासमुद्रापार

अमेरिकेबद्दल लिहितो. श्रीवर्धनकरांना जवळची वाटेल अशी गोष्ट 1942 ची आहे. जर्मन पाणबुड्यांतून चार-चार जणांच्या दोन टोळ्या उतरल्या, एक 13 जूनला न्यूयॉर्कजवळ ॲमागॅन्सेटच्या पुळणीवर आणि दुसरी 17 जूनला फ्लोरिडात. स्फोटकांच्या पेट्या त्यांनी वाळूत पुरल्या. पहिल्या टोळीची गाठ गस्तीवरच्या तटरक्षकाशी पडली आणि पुढे त्यांच्यातल्याच एकाने एफबीआयकडे जाऊन सगळं सांगितलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लष्करी आयोग नेमला, 8 जुलैला सुनावणी सुरू झाली, 8 ऑगस्टला सहा जणांना विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड. उतरल्यापासून आठ आठवडे. तुमची बाजूने बोलणारी मंडळी महिन्याभराचा निकाल म्हणतात तो हा. पण पुढचं वाचा: सुप्रीम कोर्टाने आयोगाला मान्यता 31 जुलैला दिली आणि त्याची कारणं सांगणारं सविस्तर निकालपत्र आलं 29 ऑक्टोबरला. कारणं लिहून होईपर्यंत सहा माणसं गेलेली होती.

13 नोव्हेंबर 2001 ला बुश यांनी लष्करी आयोगांचा आदेश काढला तो याच निकालाच्या भरवशावर. 11 जानेवारी 2002 ला पहिले 20 कैदी ग्वांतानामोत आले. एकूण सुमारे 780 जण तिथं ठेवले गेले. आयोगाने दोषी ठरवलेले मात्र बोटांवर मोजता येतील इतके, आणि त्यांतल्याही काहींचे निकाल अपिलात उडाले.

का उडाले, ते समजायला सलीम हमदानचा खटला पुरेसा आहे. हा बिन लादेनचा ड्रायव्हर, नोव्हेंबर 2001 मध्ये अफगाणिस्तानात पकडलेला. 29 जून 2006 ला सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की हे आयोग अमेरिकेच्याच लष्करी न्यायसंहितेत आणि जिनिव्हा करारांच्या सामाईक कलम 3 मध्ये बसत नाहीत. ऑक्टोबर 2006 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, नवा कायदा केला. ऑगस्ट 2008 मध्ये नव्या आयोगाने हमदानला कटाच्या आरोपातून सोडलं आणि ‘दहशतवादाला साहाय्य’ यात दोषी धरलं. शिक्षा 66 महिने, त्यातले 61 आधीच भोगलेले धरले. वर्ष संपायच्या आत तो येमेनला पोचला. 2012 मध्ये तीही शिक्षा रद्द झाली, कारण त्याने कृत्य केलं तेव्हा ‘साहाय्य’ हा युद्धगुन्हाच नव्हता. गुन्हा आधी घडला, कलम नंतर लिहिलं. नव्याने उभारलेल्या न्यायालयाची ही पहिली खोट. प्रत्येक नियम पहिल्यांदाच वापरला जातो आणि प्रत्येक नियमावर वरच्या कोर्टात भांडण होतं.

दुसरी खोट पुराव्याची. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांचा सूत्रधार म्हणून आरोप असलेला खालिद शेख मोहम्मद 1 मार्च 2003 ला रावळपिंडीत पकडला गेला. सीआयएच्या गुप्त कोठडीत त्याच्यावर 183 वेळा वॉटरबोर्डिंग झालं, म्हणजे आडवं बांधून तोंडावर कापड टाकून पाणी ओतायचं, बुडतोय असं वाटेपर्यंत. सप्टेंबर 2006 मध्ये त्याला ग्वांतानामोत आणलं. तिथं एफबीआयची ‘स्वच्छ तुकडी’ नेमली, मारहाणीशी संबंध नसलेल्या माणसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून नवे जबाब घ्यायचे असा बेत. तो टिकला नाही. यूएसएस कोल या युद्धनौकेवर 12 ऑक्टोबर 2000 ला एडनच्या बंदरात स्फोटकांची लहान बोट आदळवून 17 नौसैनिक मारले गेले, त्या खटल्यात लष्करी न्यायाधीशानेच 2023 मध्ये असे ‘स्वच्छ’ जबाब बाद केले. आधीच्या छळाचा धाक नंतरच्या जबाबात उतरतोच, असं त्याचं म्हणणं. हे नागरी न्यायाधीशाने नाही, गणवेशातल्या न्यायाधीशाने म्हटलंय, ते सभेत आवर्जून सांगा.

तिसरी गोष्ट ग्वांतानामोतल्या कोर्टाच्या खोलीची. प्रेक्षक जाड काचेमागे बसतात आणि आवाज त्यांना 40 सेकंद उशिरा ऐकू येतो, गुप्त काही बोललं गेलं तर मध्येच बंद करता यावं म्हणून. जानेवारी 2013 मध्ये न्यायाधीशाने बटण न दाबताच आवाज बंद झाला. बाहेरच्या कुणाकडे तरी ते बटण होतं, हे न्यायाधीशालाही तेव्हाच कळलं. पुढच्याच महिन्यात उघड झालं की वकील आणि आरोपी भेटतात त्या खोलीत धूर ओळखणाऱ्या यंत्रासारखा दिसणारा मायक्रोफोन बसवलेला होता. अशा प्रत्येक प्रकारानंतर महिनोन् महिने अर्ज-सुनावण्या चालतात. खालिद आणि सहआरोपींना आरोप वाचून दाखवले 5 मे 2012 ला. जुलै 2024 मध्ये कबुलीच्या बदल्यात फाशी टाळायचा करार झाला, दोनच दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो मागे घेतला, जुलै 2025 मध्ये अपील कोर्टाने मागे घेणं वैध ठरवलं. 11 सप्टेंबरचा मुख्य खटला अजून पुराव्यापर्यंत आलेला नाही.

त्याच ग्वांतानामोतून, 1998 च्या आफ्रिकेतल्या अमेरिकी वकिलातींवरच्या बॉम्बस्फोटांतला आरोपी अहमद घैलानी याला 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या नेहमीच्या कोर्टात नेलं. 280 हून अधिक आरोपांतून सुटला, एकात दोषी ठरला, आणि जानेवारी 2011 मध्ये त्या एकावर जन्मठेप झाली.

श्रीवर्धन_किनारा

दोघांचेही आभार. बाजूची मंडळी लगेच विचारतील, बॉम्बस्फोट खटल्याला आपल्या नागरी कोर्टात किती वर्षं लागली? त्याला काय सांगायचं? आणि वकीलसाहेब, दिवसांचा हिशेब राहिला.

खाडीकाठचा_वकील

तो प्रश्न रास्त आहे, टाळू नका. 12 मार्च 1993 ला 257 माणसं गेली. आर्थर रोडच्या आवारातल्या टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) कोर्टाचा निकाल सप्टेंबर 2006 पासून यायला लागला, 123 आरोपींपैकी 100 दोषी ठरले. सुप्रीम कोर्टाचा निकाल 21 मार्च 2013 ला: एकाची फाशी कायम, 10 जणांची जन्मठेपेत बदलली. वीस वर्षं. शंभरावर आरोपी एकाच खटल्यात, आणि आधार मोठ्या प्रमाणावर कबुलीजबाबांचा. टाडाच्या कलम 15 प्रमाणे एसपी दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्यापुढची कबुली पुराव्यात चालायची. मग प्रत्येक कबुली स्वखुशीची होती का, यावर वेगळी लढाई. यूएपीएत ती सोय नाही. आज पोलिसापुढची कबुली चालत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यापुढची लागते.

त्याच्या शेजारी कसाबचा खटला ठेवा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर जिवंत पकडला. फेब्रुवारी 2009 मध्ये आरोपपत्र, 3 मे 2010 ला दोषी, 6 मे ला फाशीची शिक्षा, फेब्रुवारी 2011 मध्ये हायकोर्ट, 29 ऑगस्ट 2012 ला सुप्रीम कोर्ट, 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी. चार वर्षांत सगळ्या पायऱ्या. वेग आला तो पुराव्यामुळे: सीसीटीव्ही आणि छायाचित्रं, हल्लेखोरांनी बळकावलेल्या कुबेर बोटीवरचा जीपीएस, त्यांच्या डिंगीचं (छोटी होडी) यामाहाचं इंजिन, डीएनए, फोनवरच्या सूचनांचं रेकॉर्डिंग. कबुली होती, पण सगळा भार तिच्यावर नव्हता. त्याच निकालात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि सुप्रीम कोर्टापर्यंत ती सुटका टिकली. ज्या कोर्टात आरोपी सुटूही शकतो, त्याने दिलेली शिक्षा जगापुढे मांडता येते.

आता दिवस.

अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. घटनेचं कलम 22. अटकेचे आधार लेखी द्यावे लागतात, यूएपीएसाठी सुप्रीम कोर्टाने हे 15 मे 2024 ला प्रबीर पुरकायस्थ निकालात पक्कं केलं. छापील नमुन्यात ‘पुरावा नष्ट करू नये म्हणून’ अशी कारणं असतात ती कुणालाही लागू पडतात. आधार म्हणजे त्या एका माणसाविरुद्ध नेमकं काय आहे ते. दोन्हींत गल्लत केली म्हणून त्या प्रकरणात अटकच बेकायदा ठरली.

पोलिस कोठडी जास्तीत जास्त 30 दिवस. आरोपपत्राला 90 दिवस, विशेष कोर्टाने वाढवले तर एकूण 180. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याने कोठडी दिल्याच्या, दिवसापासून, आणि तो दिवस धरून. पहिला रिमांड 1 मार्चला असेल तर 90 वा दिवस 29 मे. 30 मे उजाडला, मुदतवाढ नाही, आरोपपत्र नाही आणि आरोपीने अर्ज केला, तर जामीन द्यावाच लागतो, आरोप कितीही गंभीर असो. 180 वा दिवस 27 ऑगस्ट. पण अर्ज आरोपपत्राआधी पडला पाहिजे. आरोपपत्र दाखल झाल्यावर ‘परवाच मुदत संपली होती’ म्हणून चालत नाही.

एरवीचा जामीन फार कठीण. यूएपीएच्या कलम 43ड(5) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. अटकपूर्व जामीन नाहीच. बेकायदा उतरलेल्या परदेशी माणसाला अगदी अपवाद सोडून जामीन नाही. म्हणजे ‘नागरी कोर्टात नेला की सुटतो’ हे म्हणणं कायदा न वाचता केलेलं आहे.

दुपारची_भरती

वकीलसाहेब, 180 च्या बाबतीत एक भर. मुदतवाढ तपास अधिकाऱ्याच्या अर्जावर मिळत नाही. सरकारी वकिलाचा स्वतंत्र अहवाल लागतो, त्यात तपास कुठवर आला आणि याच आरोपीला 90 दिवसांपुढे ठेवण्याची नेमकी गरज काय, हे दोन्ही लागतं. 1994 चा हितेंद्र विष्णू ठाकूर निकाल, टाडातला, पण आजही हाच आधार. ‘एफएसएलचा (न्यायवैद्यक प्रयोगशाळा) अहवाल बाकी’ एवढं एक वाक्य लिहून दिलं की पुढं अपिलात अडकतं. नमुना कलिन्याच्या प्रयोगशाळेला कधी पाठवला, स्मरणपत्रं कधी दिली, कुणाचा शोध बाकी आहे, असं तारीखवार लिहावं लागतं. आरोपीला त्या दिवशी कोर्टापुढे, निदान व्हिडिओवर तरी, हजर करून सांगावं लागतं की मुदतवाढ मागितली आहे. 2022 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात एवढंच राहिलं आणि मुदतवाढ रद्द होऊन जामीन झाला. आणि ही मुदतवाढ साध्या न्यायदंडाधिकाऱ्याला देता येत नाही, विशेष कोर्टच हवं, ते नसेल तर सेशन्स.

खटला चालवायला लागणारी सरकारची मंजुरीही अशीच निसटते. यूएपीएच्या कलम 45 खाली नेमलेल्या प्राधिकरणाने 7 कामकाजाच्या दिवसांत शिफारस करायची, सरकारने पुढच्या 7 दिवसांत निर्णय. या मुदती पाळाव्याच लागतात, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं. फाईल टेबलावर राहिली ही सबब तिथं चालत नाही.

देवगड_बंदर

लष्करी खटल्याचं आपल्याला सगळ्यांत जवळचं उदाहरण राहिलंच. कुलभूषण जाधव, नौदलाचे निवृत्त अधिकारी, आपले मराठी गृहस्थ. पाकिस्तान म्हणतं 3 मार्च 2016 ला बलुचिस्तानात पकडलं. भारत म्हणतो, ते इराणमध्ये व्यवसाय करत होते, तिथून पळवून नेलं. खटला फील्ड जनरल कोर्ट मार्शलपुढे, पाकिस्तान आर्मी ॲक्टच्या कलम 59 आणि शासकीय गुपितांच्या कायद्याखाली, बंद दाराआड. 10 एप्रिल 2017 ला फाशी जाहीर झाली. तोवर भारतीय वकिलातीचा एकही माणूस त्यांना भेटू शकला नव्हता.

भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 18 मे 2017 ला फाशीला स्थगिती, 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 मताने निकाल: अटकेची खबर द्यायला तीन आठवडे लावले, भेट नाकारली, परदेशी कैद्याला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क देणाऱ्या वियना कराराच्या कलम 36 चा भंग झाला, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. शिक्षा रद्द करून सोडून द्या, ही भारताची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. वादसभेत निकाल पूर्ण सांगा, अर्धा नको.

25 डिसेंबर 2017 च्या भेटीबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने जे जाहीर केलं ते मात्र सभेत शब्दशः वाचण्यासारखं आहे. काच मध्ये, बोलणं इंटरकॉमवर, आई आणि पत्नीचं मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावलेलं, आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही. मराठी सुरू झालं की अडवत होते. लष्करी कोठडीत नियम कोण ठरवतं, हे एवढ्यावरून कळतं. पकडणारा, पहारा देणारा, आरोप ठेवणारा आणि निकाल देणारा एकाच खात्याचा असला, तर तक्रार करायची कुणाकडे?

खलाशी मंडळींसाठी: परदेशात अडवलं तर पहिलं वाक्य एवढंच, ‘मला भारतीय वकिलातीला कळवायचं आहे’. अधिकाऱ्याने ते कळवलंच पाहिजे. समजत नसलेल्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. घरच्यांनी पासपोर्ट आणि सीडीसीची (खलाशाचं नोंदणीपुस्तक) प्रत, बोटीचं नाव, शेवटचं बोलणं कधी झालं ते, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर टाकावं. पाकिस्तानने पकडलेल्या मच्छीमारांसाठी 2008 चा करार आहे: 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्यांची अदलाबदल होते. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि बोटीच्या कागदावर दुसरं असलं की नागरिकत्वाची पडताळणी अडते. जाण्याआधीच एकसारखं करून घ्या.

सागररक्षक_दल

वादसभा ठीक, पण संशयिताला पहिला हात लागतो तो बहुतेक वेळा मच्छीमाराचा. म्हणून चार गोष्टी.

अनोळखी होडी दिसली तर 1093 सागरी पोलिसांचा, 1554 तटरक्षक दलाचा. नोंदणी क्रमांक, रंग, वेळ, जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश लगेच कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. पेटी किंवा पोतं उघडू नका, हलवू नका, जवळ मोबाइलवर बोलू नका. जप्तीचं चित्रीकरण पोलिसांना नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने (बीएनएसएस) सक्तीचं आहे. तुम्ही आधीच माल धक्क्यावर आणून ठेवलात, तर मूळ जागा चित्रीकरणात येतच नाही आणि बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

तुमच्या डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला तुम्ही स्वतः धरू शकता, पण बीएनएसएसच्या कलम 40 प्रमाणे 6 तासांच्या आत पोलिसांकडे द्यावाच लागतो. धरलेली वेळ लिहा, कारण पुढचे 24 तास त्यावरून भांडले जातात. आणि हात बांधा, मारू नका. पोलिस त्याची वैद्यकीय तपासणी करून घेतात आणि अंगावरचा प्रत्येक वळ, प्रत्येक सूज त्या कागदावर येते. पुढं तो न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अगदी खरं बोलला, तरी आधी तो कागद वाचला जातो.